देवाच्या इच्छेतच खरा आनंद : संत इग्नेशियस लोयोला



सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आम्हांला ॲरिस्टॉटल शिकावा लागला. माणूस जे जे करतो ते शेवटी सुखासाठी करतो, हे त्याचे मत आम्ही परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरून गेलो. पुढे धर्मग्रामात काम करू लागल्यावर तेच रोज डोळ्यांसमोर दिसू लागले. कोणी आखातातल्या नोकरीत सुख शोधतो, कोणी नव्या घरात, कोणी मुलांच्या गुणपत्रिकेत. देवळात मेणबत्ती लावणारे हातही सुखच मागत असतात. त्यात वाईट काही नाही. आनंदाची ही ओढ देवानेच आपल्या मनात ठेवली आहे.

अडचण येते ती मागितलेले मिळाले नाही म्हणजे. वाईट गोष्ट मागितली आणि देवाने दिली नाही, तर माणूस स्वतःची समजूत काढतो. पण चांगली गोष्ट मागितली, नोव्हेना केल्या, उपवास केले आणि तरीही दार बंदच राहिले, तर श्रद्धावंत माणूससुद्धा आतून हलतो. मूल व्हावे म्हणून वर्षानुवर्षे प्रार्थना करणारे जोडपे असते. व्रतस्थ जीवनाची ओढ असूनही आजारी आईवडिलांसाठी घरी राहिलेली मुलगी असते. अशी माणसे आमच्याकडे येतात आणि विचारतात, की देवाची इच्छा म्हणजे नेमके काय आणि ती आमच्या आनंदाच्या आड का येते?

ह्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा आज आपण एका संताचे जीवन पाहू या. त्यांचा सण आपण दरवर्षी ३१ जुलै रोजी साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक म्हणून संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे नाव आपल्या सर्वांना माहीत आहे. शाळा, महाविद्यालये, मिशन कार्य, रिट्रीट असे सर्व काही त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. मात्र एक गोष्ट आपल्या फारशी लक्षात येत नाही. ज्या गोष्टीचा त्यांनी सर्वांत जास्त ध्यास घेतला होता आणि जी अगदी पवित्र होती, ती देवाने त्यांना दिली नाही. तरीही ते आनंदी माणूस म्हणून जगले आणि आनंदी माणूस म्हणून मरण पावले. हे कसे घडले?

तोफगोळा आणि दोन पुस्तके

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात अस्पेतिया गावाजवळ लोयोला घराण्याचा वाडा आहे. तेथे १४९१ साली त्यांचा जन्म झाला. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. भावंडे पुष्कळ होती आणि हा सर्वांत धाकटा. आई लवकर वारली. पंधराएक वर्षांचा असताना त्याला कास्तिल राज्याच्या खजिनदाराच्या घरी दरबारी रीतिरिवाज शिकण्यासाठी पाठविण्यात आले. तेथे तो तलवार चालवायला शिकला, सुंदर अक्षर काढायला शिकला आणि भारी कपडे घालून मिरवायलाही शिकला. जुगार, भांडणे, स्त्रियांचा नाद हे सर्व त्याच्या तरुणपणात होते. त्याने ते पुढे लपविले नाही. खजिनदाराची सत्ता गेली आणि १५१७ साली तो मरण पावला. मग इनिगो नावारेच्या राज्यपालाच्या पदरी राहिला. नाव कमवायचे आणि कीर्ती मिळवायची, हे त्याच्या सुखाचे गणित होते.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे हे गणित चुकले. फ्रेंच सैन्य किल्ल्यावर चालून आले होते. मूठभर शिबंदीने शरण जावे, असे इतरांचे मत होते. इनिगोने हट्टाने त्यांना लढायला लावले. लढाईत तोफेचा गोळा लागून त्याच्या उजव्या पायाचे हाड मोडले आणि डाव्या पायालाही जखम झाली. तो पडला आणि किल्लाही पडला. फ्रेंचांनी त्याच्यावर उपचार केले आणि पालखीतून त्याला घरी पाठविले.

घरी आल्यावर वैद्यांनी चुकीचे जुळलेले हाड पुन्हा मोडून बसविले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. संत पीटर आणि संत पॉल ह्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी तो मरणाच्या दारात होता, पण वाचला. हाड जुळले तेव्हा गुडघ्याखाली एक टोक बाहेर आलेले दिसू लागले. आता दरबारातले घट्ट बूट घालता येणार नाहीत, एवढ्याच कारणासाठी त्याने ते हाड करवतीने कापून घेतले. बंधू-भगिनींनो, दिसण्याच्या सुखासाठी माणूस किती दुःख सोसतो, हे येथे पाहावे. पाय शेवटपर्यंत आखूडच राहिला आणि ते जन्मभर लंगडत चालले.

अंथरुणावर वेळ जाईना म्हणून त्याने शूर सरदारांच्या कथा वाचायला मागितल्या. घरात तसले एकही पुस्तक नव्हते. हाती आली ती दोनच: एक प्रभू येशूचे चरित्र आणि दुसरे संतांच्या कथांचे. नाइलाजाने तो वाचू लागला. वाचून झाले की पडल्या पडल्या स्वप्ने रंगवी. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी मिळविण्यासाठी आपण काय काय पराक्रम करू, ह्याचा विचार करीत तीन-तीन, चार-चार तास निघून जात. कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक ह्यांनी जे केले ते आपण का करू नये, असा विचार येई. मग अनवाणी जेरुसलेमला जाण्याचे आणि रानातला पाला खाऊन राहण्याचे चित्र तो रंगवी.

दोन्ही स्वप्ने पाहताना त्याला आनंदच होत असे. पण एके दिवशी त्याच्या लक्षात आले, की दोन्ही आनंद सारखे नाहीत. पराक्रमाचे स्वप्न संपले, की मन कोरडे आणि असमाधानी होई. जेरुसलेमचे स्वप्न संपले, तरी मन शांत आणि प्रसन्न राही. एक आनंद येऊन जातो आणि दुसरा येऊन टिकतो. हा फरक पाहून तो थक्क झाला. देव माणसाशी ज्या भाषेत बोलतो, तिचे पहिले अक्षर त्याला त्या दिवशी कळले. पुढे त्यांनी आध्यात्मिक साधनेवर जे पुस्तक लिहिले, त्याची सुरुवात आम्हांला ह्या अंथरुणावरच झालेली दिसते.

आपण सहसा समजतो, की देवाची इच्छा एकीकडे आणि आपला आनंद दुसरीकडे. इनिगोला उलटेच कळले. देव आपल्याला आनंद नाकारून नव्हे, तर टिकणारा आनंद देऊन आपल्याकडे ओढतो. म्हणून देवाची इच्छा ओळखायची असेल, तर काय गोड लागते एवढेच पाहून चालत नाही. गोडी ओसरल्यावर मनात काय उरते, तेही पाहावे लागते.

मानरेसा येथील धडे

१५२२ च्या मार्च महिन्यात तो मॉन्टसेरातच्या डोंगरावरील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी पोहोचला. जन्मभराची पापे कबूल करून त्याने पापनिवेदन केले. २४ मार्चच्या रात्री आपले भारी कपडे एका भिकाऱ्याला दिले, स्वतः गोणपाटाचा झगा घातला आणि मरियेच्या वेदीपुढे रात्र जागविली. तलवार आणि खंजीर तेथेच ठेवले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मागून धावत आले. त्या भिकाऱ्याने कपडे चोरले म्हणून त्याला पकडले होते. हे ऐकून इग्नेशियस ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या चांगल्या कृत्यानेसुद्धा दुसऱ्याला त्रास होऊ शकतो, हे त्यांना त्या दिवशी दिसले. (आपण त्यांना येथून पुढे इग्नेशियस म्हणू. हे नाव मात्र ते बऱ्याच वर्षांनी वापरू लागले.)

जवळच्या मानरेसा गावी थोडे दिवस थांबायचे म्हणून ते गेले आणि जवळजवळ वर्षभर राहिले. भीक मागून खात, रुग्णालयात रोग्यांची सेवा करीत आणि दिवसाचे सात तास प्रार्थना करीत. पूर्वी केसांची फार निगा राखत असत, म्हणून आता केस आणि नखे वाढू दिली. पहिले काही महिने मन आनंदात होते. मग अचानक अंधार आला. पूर्वीची पापे नीट सांगितली गेली नाहीत, अशी शंका त्यांना खाऊ लागली. पुन्हा पुन्हा पापनिवेदन करूनही समाधान होईना. ते इतके खचले, की जीव देण्याचे विचार मनात येऊ लागले. ते पाप आहे हे जाणून त्यांनी स्वतःला आवरले. देव शांती देईपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. अखेर पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी उपवास सोडण्याची आज्ञा केली आणि त्यांनी ती पाळली. हळूहळू त्यांना कळून चुकले, की हा छळ देवाकडून येत नाही. मग त्यांनी जुनी पापे उकरून काढणे बंद केले आणि मन मोकळे झाले.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगत आहोत. जे कठीण ते देवाच्या इच्छेचे आणि जे सोपे ते सैतानाचे, असा समज आपल्यातील पुष्कळ धार्मिक माणसांचा असतो. इग्नेशियस ह्यांनाही आधी तसेच वाटत होते. पण देव कोणाला छळून आपल्याकडे ओढत नाही. मानरेसालाच दुसरा एक धडा मिळाला. रात्री झोपायला गेले की त्यांच्या मनात मोठमोठे आध्यात्मिक विचार येत आणि झोप उडून जाई. विचार तर पवित्र होते. पण प्रार्थनेसाठी दिवसाचा एवढा वेळ आपण दिलेला असताना झोप मोडणारे हे विचार खरोखर देवाचे असतील काय, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि ते बाजूला सारून झोपणे पसंत केले. आम्हांला वाटते, संतपणाची ही फार शहाणी पायरी आहे.

एके दिवशी कार्दोनेर नदीच्या काठी पाण्याकडे पाहत बसले असताना त्यांच्या बुद्धीला असा प्रकाश मिळाला, की सर्व गोष्टी नव्या दिसू लागल्या. पुढे उतारवयात त्यांनी सांगितले, की आयुष्यभर शिकलेले आणि देवाकडून मिळालेले सर्व काही एकत्र केले, तरी त्या एका वेळेची बरोबरी होणार नाही.

जेरुसलेमचे बंद दार

आता त्यांच्या मनात एकच ध्यास होता. प्रभू येशू जेथे चालला त्या भूमीत जायचे, उरलेले आयुष्य तेथेच काढायचे आणि लोकांना देवाकडे आणायचे. ह्यापेक्षा पवित्र इच्छा कोणती असू शकेल? ती स्वार्थाची नव्हती. अंथरुणावर असताना टिकणारा आनंद ह्याच इच्छेने दिला होता. पैसे न घेता, भीक मागत ते बार्सिलोनाहून रोमला गेले. तेथे पोपमहोदयांचा आशीर्वाद घेतला, व्हेनिसहून जहाज गाठले आणि ४ सप्टेंबर १५२३ रोजी जेरुसलेमला पोहोचले.

पवित्र स्थळांची व्यवस्था फ्रान्सिस्कन धर्मगुरूंकडे होती. इग्नेशियस ह्यांनी तेथे कायम राहण्याची परवानगी मागितली. प्रमुखांनी नकार दिला. पूर्वी असे राहिलेले काही यात्रेकरू पकडले गेले होते, काही मारले गेले होते आणि त्यांना सोडविण्यासाठी मठाला पैसे भरावे लागले होते. इग्नेशियस म्हणाले, की भीतीपोटी मी माझा निश्चय सोडणार नाही, सोडीन तो केवळ पाप होत असेल तरच. तेव्हा त्या प्रमुखांनी सांगितले, की कोणाला राहू द्यायचे आणि कोणाला नाही हा अधिकार पोपमहोदयांनी आम्हांला दिला आहे आणि न मानणाऱ्याला आम्ही ख्रिस्तसभेबाहेर काढू शकतो. ते अधिकारपत्र दाखवायला निघाले. इग्नेशियस ह्यांनी पत्र पाहण्याचीही गरज नाही असे सांगितले आणि आज्ञा मान्य केली.

निघण्यापूर्वीची एक गोष्ट मोठी हृद्य आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या वेळी त्याच्या पावलांचे ठसे ज्या दगडावर उमटले असे मानतात, तो दगड पुन्हा एकदा पाहावा असे त्यांना वाटले. कोणाला न सांगता ते एकटेच ऑलिव्ह डोंगरावर गेले. पहारेकऱ्यांना आपला चाकू देऊन आत शिरले. परत निघाल्यावर आठवले, की उजवे पाऊल कोणत्या दिशेला आणि डावे कोणत्या, हे नीट पाहायचे राहूनच गेले. पुन्हा मागे फिरले आणि ह्या वेळी कात्री देऊन आत गेले. मठाचा एक नोकर काठी घेऊन त्यांना शोधत आला आणि दंडाला धरून परत घेऊन गेला. ज्याला आयुष्यभर तेथे राहायचे होते, त्याला वीस दिवसांच्या आतच अशा रीतीने निघावे लागले.

ह्यातून दोन गोष्टी आपण शिकावयाच्या आहेत. पहिली ही, की इच्छा पवित्र आहे एवढ्याने ती देवाची इच्छा ठरत नाही. दुसरी ही, की दार बंद झाले म्हणून इग्नेशियस देवावर रुसले नाहीत आणि नशीब म्हणून हात जोडून बसलेही नाहीत. नशीब मानणारा तेथेच थांबतो. देवाची इच्छा मानणारा पुढचा प्रश्न विचारतो. परतीच्या प्रवासात इग्नेशियस स्वतःला सतत तोच प्रश्न विचारीत होते: मी जेरुसलेमला राहावे अशी देवाची इच्छा नाही, तर मी आता काय करावे?

लहान मुलांच्या बाकावर

लोकांच्या आत्म्यांना मदत करायची तर शिकले पाहिजे, हे उत्तर त्यांना मिळाले. वयाच्या ३३ व्या वर्षी बार्सिलोनाला ते लहान मुलांबरोबर लॅटिनचे व्याकरण शिकायला बसले. एकेकाळचा सरदार आता धातूंची रूपे पाठ करू लागला. येथेही जुनीच अडचण आली. पाठांतराला बसले की मनात भक्तीचे मोठे विचार दाटून येत आणि अभ्यास होत नसे. प्रार्थनेच्या वेळी मात्र हे विचार येत नसत. त्यांनी ओळखले, की हा मोह आहे. ते शिक्षकांकडे गेले आणि दोन वर्षे एकही दिवस तुमचा पाठ चुकवणार नाही असे वचन देऊन मोकळे झाले. त्या काळात त्यांच्यासाठी देवाची इच्छा व्याकरणाच्या पुस्तकात होती. आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे ते अल्काला आणि सालामांका येथे शिकले. लोकांना प्रार्थना शिकवितात म्हणून त्यांच्यावर संशय घेण्यात आला. १५२७ साली अल्कालाला ४२ दिवस आणि सालामांकाला २२ दिवस त्यांना तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या शिकवणुकीत चूक सापडली नाही, पण अभ्यास पूर्ण होईपर्यंत काही विषयांवर बोलू नये असे बंधन आले. मग १५२८ साली ते पायी पॅरिसला गेले आणि तेथे सात वर्षे राहिले. सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांच्याबरोबर एकाच खोलीत दोन तरुण विद्यार्थी होते. एक सावॉयचे पीटर फाबर आणि दुसरे नावारेचे फ्रान्सिस झेवियर. ज्या नावारेच्या लढाईत इग्नेशियस जखमी झाले, त्यात झेवियर ह्यांचे थोरले भाऊ विरुद्ध बाजूला होते. देव कोणाला कोणाच्या शेजारी आणून बसवील, हे सांगता येत नाही.

१५ ऑगस्ट १५३४, मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या चॅपेलमध्ये सात मित्र जमले. त्यांच्यात एकटे फाबर धर्मगुरू होते. त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि सर्वांनी दारिद्र्याचे व ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. आणखी एक व्रत होते, जेरुसलेमला जाण्याचे. म्हणजे इग्नेशियस ह्यांच्या मनातले जेरुसलेम अजून गेले नव्हते. पण ह्या वेळी त्यांनी एक अट जोडली होती. वर्षभर वाट पाहूनही जाता आले नाही, तर स्वतःला पोपमहोदयांच्या स्वाधीन करायचे. पहिल्या वेळी ते आपली योजना घेऊन देवाकडे गेले होते. दुसऱ्या वेळी योजना पुढे ठेवली, पण मूठ उघडी ठेवून.

१५३७ साली ते सर्व व्हेनिसला जमले. २४ जून रोजी इग्नेशियस आणि त्यांच्या काही साथीदारांना गुरुदीक्षा मिळाली. पण व्हेनिस आणि तुर्क ह्यांच्यात युद्ध भडकले आणि त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज निघालेच नाही. इग्नेशियस ह्यांनी आपली पहिली मिस्सा दीड वर्ष पुढे ढकलली. ती बेथलेहेमला अर्पण करण्याची त्यांची आशा असावी, असे चरित्रकारांना वाटते. शेवटी १५३८ च्या नाताळात रोममधील मरियेच्या महामंदिरात, जेथे प्रभूच्या गव्हाणीचे अवशेष जतन केलेले आहेत, त्या वेदीवर त्यांनी पहिली मिस्सा अर्पण केली. बेथलेहेम मिळाले नाही, गव्हाणी मात्र मिळाली.

रोममधली खोली

पोप तिसरे पॉल ह्यांनी २७ सप्टेंबर १५४० रोजी येशूसंघाला मान्यता दिली. पुढील वर्षी साथीदारांनी इग्नेशियस ह्यांना प्रमुख म्हणून निवडले. त्यांनी नकार दिला. पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा तेच नाव आले. मग त्यांनी आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंपुढे सर्व आयुष्य मांडले आणि निर्णय त्यांच्यावर सोपविला. नकार देणे म्हणजे पवित्र आत्म्याला विरोध करणे होईल, असे त्यांनी सांगितल्यावरच इग्नेशियस ह्यांनी जबाबदारी स्वीकारली.

आता पाहा. स्वतःला यात्रेकरू म्हणविणाऱ्या ह्या माणसाने उरलेली १५ वर्षे बहुतेक एका शहरात, काही छोट्या खोल्यांत, मेजापाशी बसून काढली. त्यांची सुमारे ७,००० पत्रे आज उपलब्ध आहेत. कोणाची बदली, कोणाचे आजारपण, कोणत्या महाविद्यालयाचे कर्ज, कोणाचे भांडण, असे त्यांतले विषय आहेत. त्याबरोबर रोममधल्या गरिबांचीही कामे होती. देहविक्रयाच्या जीवनातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी संत मार्था ह्यांच्या नावाने घर उघडले. प्रमुख असूनही अशा स्त्रियांना सोबत घेऊन ते भर रस्त्याने त्या घराकडे चालत जात. ह्या स्त्रिया पुन्हा त्याच मार्गाला लागतील असे लोक म्हणत. पण एका रात्रीचे पाप टळले तरी आपले श्रम सार्थकी लागले, असे इग्नेशियस मानीत.

दूर देशी जाण्याचे त्यांचे स्वप्न दुसऱ्यांच्या पायांनी पुरे झाले. भारतात जाण्यासाठी निवडलेले एक साथीदार आजारी पडले आणि ऐन वेळी फ्रान्सिस झेवियर ह्यांना पाठविण्याचे ठरले. १५४० च्या मार्चमध्ये दोघा मित्रांनी निरोप घेतला. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. पुढे ते आपल्या वसईलाही येऊन गेले. दोघांची पुन्हा भेट झाली नाही. इग्नेशियस ह्यांची पत्रे झेवियर गुडघ्यांवर बसून वाचीत असत. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियस ह्यांनी झेवियर ह्यांना युरोपला परत बोलावणारे पत्र लिहिले. पण झेवियर त्याच्या सहा महिने आधीच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर मरण पावले होते. ज्या मित्राला भेटण्याची इच्छा होती, तो पत्र लिहिण्याच्या आधीच प्रभूकडे गेला होता. बंद दारांतले हेही एक दार होते.

झेवियर ह्यांच्यामागून कितीतरी येशूसंघीय आपल्या भूमीत आले. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. जेरुसलेमच्या मठात मिळालेल्या एका नकाराचे फळ आपल्या मायबोलीपर्यंत येऊन पोहोचले, असे आम्ही म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

शेवटची रात्र

येशूसंघ मोडला तर काय कराल, असे इग्नेशियस ह्यांना एकदा विचारण्यात आले. पंधरा मिनिटे प्रार्थनेत बसलो तर मन पूर्ववत शांत होईल, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. ह्याची कसोटीही लागली. १५५५ साली त्यांच्याशी मतभेद असलेले कार्डिनल काराफा हे पोप चौथे पॉल झाले. बातमी ऐकताच इग्नेशियस ह्यांचा चेहरा उतरला. ते काही न बोलता चॅपेलमध्ये गेले आणि थोड्याच वेळाने प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. संतालाही धक्का बसतो. मात्र तो धक्का कोठे घेऊन जायचा, हे त्याला माहीत असते.

३० जुलै १५५६ रोजी त्यांनी आपले सचिव फादर पोलांको ह्यांना बोलाविले. आपला अंत जवळ आला आहे, तेव्हा पोपमहोदयांकडे जाऊन आशीर्वाद मागून आणावा, असे सांगितले. इग्नेशियस वर्षानुवर्षे पोटाच्या दुखण्याने आजारी असत, त्यामुळे वैद्यांना किंवा सचिवांना विशेष काही वाटले नाही. स्पेनची टपाल त्याच रात्री निघायची होती. उद्या गेलो तर चालेल काय, असे पोलांको ह्यांनी विचारले. आज गेलात तर बरे, पण तुम्हांला योग्य वाटेल तसे करा, एवढेच इग्नेशियस म्हणाले. सकाळी ते अत्यवस्थ आढळले. पोलांको धावत पोपमहोदयांकडे गेले आणि आशीर्वाद घेऊन परतले, तोवर ३१ जुलैच्या सकाळी इग्नेशियस प्रभूकडे गेले होते. अंत्यसमयीचा अभ्यंगसंस्कारही त्यांना मिळाला नाही. शेवटची साधी मागणीसुद्धा दुसऱ्याच्या सोयीवर सोपवून ते गेले. येशूसंघाचे सुमारे १,००० सदस्य तेव्हा जगभर काम करीत होते. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले, तेही त्यांचे मित्र झेवियर ह्यांच्याबरोबर एकाच दिवशी. पृथ्वीवर राहून गेलेली भेट ख्रिस्तसभेच्या वेदीवर झाली.

आपल्यासाठी

आमच्या स्वतःच्या जीवनातली एक छोटी गोष्ट सांगतो. गुरुदीक्षेनंतर तत्त्वज्ञानाचा पुढील अभ्यास करावा अशी आमची फार इच्छा होती. आम्हांला पाठविण्यात आले ते एका दूरच्या खेड्यात, जेथे पुस्तके नव्हती आणि पावसाळ्यात रस्ताही नसे. सहा महिने आम्ही मनातून कुरकुरत राहिलो. त्या गावी एक म्हातारी आपल्या अंथरुणाला खिळलेल्या मुलाची सेवा करीत असे. दर शुक्रवारी आम्ही तेथे ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असू. एके शुक्रवारी चिखल तुडवीत परत येताना आमच्या लक्षात आले, की त्या घरातून निघाल्यावर आम्ही नेहमी प्रसन्न असतो आणि ती प्रसन्नता रात्रीपर्यंत टिकते. वर्गात पहिले आल्यावर तसे कधी झाले नव्हते. इग्नेशियस ह्यांचे अंथरूण आम्हांला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले.

म्हणून आम्ही तुम्हांला तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, रोज रात्री दहा मिनिटे शांत बसून दिवस आठवा. इग्नेशियस ह्यांनी ह्या आत्मपरीक्षणाला फार महत्त्व दिले होते. कोणत्या गोष्टीचा आनंद टिकला आणि कोणत्या गोष्टीने मन कोरडे केले, हे पाहा. दुसरी, मन निराश आणि अंधारात असताना पूर्वी केलेला चांगला निश्चय बदलू नका. अंधारात सामान हलवू नये. प्रकाश येईपर्यंत थांबावे, प्रार्थना थोडी वाढवावी आणि कोणा जाणत्या माणसाशी बोलावे. तिसरी, दार बंद झाले तर ते का बंद झाले ह्यातच अडकून पडू नका. आता मी काय करावे, हा प्रश्न देवाला विचारा.

मूल न झालेल्या जोडप्याचे दुःख ह्या लेखाने नाहीसे होणार नाही, हे आम्ही जाणतो. घरी राहिलेल्या मुलीचे अश्रूही खरे आहेत. इग्नेशियस ह्यांनाही जेरुसलेम सोडताना आनंद झाला नव्हता. म्हणून तर ते डोंगरावर दोनदा गेले. गेथशेमनी बागेत प्रभू येशूनेही आधी आपली इच्छा पित्यापुढे मांडली आणि मगच पित्याच्या इच्छेला होकार दिला. आपणही आपली इच्छा मोकळेपणाने मांडावी. ती मांडताना मूठ उघडी ठेवावी, एवढेच.

प्रभूने शिकविलेली प्रार्थना म्हणताना आपण देवाच्या इच्छेसाठी रोज विनंती करतो. आज पवित्र मिस्सामध्ये ती म्हणताना क्षणभर थांबू या आणि आपले बंद झालेले एक दार त्याच्यापुढे ठेवू या. संत इग्नेशियस आपणा सर्वांसाठी विनंती करोत आणि टिकणारा आनंद कोणता, हे ओळखण्याची कृपा परमेश्वर आपणांस देवो.